दुबईच्या फ्री झोनमधून रोबो विकायचेत? आधी मुलुंडचा जकात नाका आठवा

गणपतीत भाचा घरी आला होता, पहिला मोदक पोटात जायच्या आधीच म्हणाला, "मामा, मी नोकरी सोडतोय. दुबईत फ्री झोनमध्ये कंपनी काढणार, इंडस्ट्रियल रोबोचा होलसेल." ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात पळी तशीच. पोरगा चाकणला एका सिस्टीम इंटिग्रेटरकडे रोबो प्रोग्रॅम करतो, हुशार आहे, पगार बरा आहे, आणि ताईच्या डोक्यात सध्या फक्त मुलगी बघायचा विषय. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं कारण मी बावीस वर्षं न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हंजे कस्टम्समधून माल सोडवायच्या लाइनीत आहे, म्हंजे घरच्यांच्या मते परदेशातून येणाऱ्या कुठल्याही वस्तूचं मला सगळं कळतं.

त्याने मोबाइलवर जाहिरात दाखवली. शून्य टॅक्स, शंभर टक्के मालकी, दोन दिवसांत लायसन्स, घरबसल्या. मी त्याला त्या दिवशी जे तुकड्या-तुकड्यात सांगितलं आणि नंतर फोनवर सांगत राहिलो ते इथे एकत्र लिहितोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच लोक तरी विचारतात, फक्त रोबोच्या जागी कधी सोलर पॅनल असतं कधी परफ्यूम.

फ्री झोन म्हणजे काय हे मुंबईकराला सांगायला सोपं आहे. २०१७ च्या जुलैपर्यंत आपल्याकडे जकात होती. मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी, नाक्यावर ट्रकांची रांग, रात्री चहाच्या टपऱ्या जोरात. ट्रक नाक्याच्या अलीकडे उभा असेपर्यंत महापालिकेच्या हिशोबात तो माल मुंबईत आलेलाच नाही, त्यामुळे जकात नाही. नाका ओलांडला की पैसे टाका. आता समजा त्या नाक्याच्या अलीकडेच कोणी कुंपण घालून मोठं गोडाऊन बांधलं, आणि सांगितलं की माल इथे ठेवा, खोके फोडा, लेबल लावा, इथल्या इथे दुसऱ्याला विका, मुंबईत न्यायचा असेल तेव्हाच जकात भरा, आणि नाशिकला न्यायचा असेल तर भरूच नका. हे झालं फ्री झोन. जमीन देशाची, पण कस्टम्स असं धरून चालतं की माल अजून देशात आलेला नाही. म्हणजे मूळ सोय आहे ती थांबलेल्या मालासाठी. टॅक्सची सवलत त्याला नंतर चिकटवलेली गोष्ट आहे, आणि जाहिरातीत नेमकी तेवढीच दिसते.

ही काही अरबांची आयडिया नाही बरं का. आपलं कांडला १९६५ चं, आशियातला पहिला एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. अंधेरीचं सीप्झ १९७३ चं, ज्याच्यासमोर आता मेट्रो थांबते. दुबईचं जेबेल अली बंदर १९७९ ला सुरू झालं आणि त्याला लागून जाफझा हा फ्री झोन १९८५ मध्ये. त्यांनी एकच गोष्ट आपल्यापेक्षा नीट केली, बंदर, गोडाऊन आणि कागद तिन्ही एकमेकांना खेटून ठेवले. बॅलार्ड इस्टेटला कस्टम्सच्या ऑफिसच्या जिन्यांवर फायली घेऊन ज्यांची जवानी गेली त्यांना ह्याची किंमत विचारा.

आता रोबो. भाचा ह्यात माझा गुरू, मी फक्त खोका बघितलेला माणूस. इंडस्ट्रियल रोबो म्हणजे माणसासारखा चालणारा बोलणारा नाही, तो एक हात असतो. स्टँडर्डमध्ये व्याख्या अशी की आपोआप चालणारा, पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम करता येणारा, वेगवेगळ्या कामाला वापरता येणारा आणि तीन किंवा जास्त अक्षांवर हलणारा. पहिला युनिमेट, १९६१ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात गरम धातूचे तुकडे उचलायला लागला. आज मोठी नावं चार, जपानची फानुक आणि यास्कावा, युरोपातली एबीबी, आणि मूळची जर्मन पण आता चिनी मायडिया ग्रुपच्या मालकीची कुका. त्याखेरीज माणसाच्या बाजूला कुंपणाशिवाय काम करणारे छोटे कोबॉट, त्यात डेन्मार्कची युनिव्हर्सल रोबोट्स. आणि आता चिनी कंपन्यांची फौज, भाव बघून डोळे फिरतात.

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स फेडरेशनचे आकडे सांगतात की २०२४ मध्ये जगात साधारण ५ लाख ४२ हजार नवे रोबो बसले, त्यातले २ लाख ९५ हजार एकट्या चीनमध्ये. भारतात ९,१००. आपला आकडा ऐकून भाच्याला वाईट वाटतं, मला नाही वाटत, कारण २०२३ ला तोच ८,५१० होता आणि तोही तेव्हाचा विक्रमच होता. पण होलसेलचं डोकं लावा. ९,१०० मधले बरेच थेट गाड्यांच्या कंपन्यांकडे जातात, आणि ते काही तुमच्या-माझ्या गाळ्यातून माल उचलत नाहीत, ते बनवणाऱ्याशी थेट बोलतात. फानुकची भारतातली कंपनी बंगळुरूला बसलीय, कुकाची पुण्याला. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाच्या दारात कंपनी स्वतः उभी आहे तिथे मधला माणूस कशाला लागतो, हा प्रश्न भाच्याला मी तीनदा विचारला.

मधला माणूस लागतो तो छोट्यांसाठी. अंबरनाथचा प्रेसवाला, तळोज्याचा पॅकेजिंगवाला, वसईचा फॅब्रिकेटर. पण ह्यांना रोबो नको असतो! त्यांना वेल्डिंग व्हायला हवं असतं. नागदेवी स्ट्रीटवर जाऊन ड्रिल मशीन आणलं, घरी प्लगला लावलं आणि चालू, असं इथे नाही. नुसता हात आणला तर तो शोभेची वस्तू. त्याला ग्रिपर म्हणजे पकडणारा पंजा पाहिजे किंवा वेल्डिंगची टॉर्च, सेफ्टीचं कुंपण पाहिजे, सेन्सर, जॉब धरून ठेवणारं फिक्स्चर, प्रोग्रॅमिंग, आणि रात्री दोन वाजता अलार्म आला तर फोन उचलणारा कोणीतरी पाहिजे. ह्या लाइनीतले लोक ढोबळमानाने सांगतात की पूर्ण सेलच्या, म्हणजे रोबोसकट ह्या सगळ्या मांडणीच्या खर्चात रोबोचा हात साधारण तिसरा हिस्सा, बाकी दोन हिस्से आजूबाजूचं. हे आजूबाजूचं जो करतो तो इंटिग्रेटर. तर होलसेलरचं खरं गिऱ्हाईक कारखाना नाही, इंटिग्रेटर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे टॅक्समध्ये पुन्हा येणार आहे, आणि तिथे ते पैशाचं निघतं.

दुबईच्या टॅक्सबद्दल आपल्याकडे अजून २०१५ सालचंच बोलतात. तिथे १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. आणि १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना कॉर्पोरेट टॅक्स आहे, ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. फ्री झोनमधल्या कंपनीला शून्य टक्के मिळू शकतो, पण आपोआप नाही, त्यासाठी ती 'क्वालिफाइंग' असावी लागते. म्हणजे खरंखुरं ऑफिस, खरी माणसं, ऑडिट झालेले हिशोब, आणि उत्पन्न ठरलेल्या प्रकारातलंच.

मालाच्या धंद्याला जो प्रकार लागू होतो त्याच्या अटी नीट वाचा. माल 'डेझिग्नेटेड झोन'मधून, म्हणजे सरकारने तसा नेमून दिलेल्या झोनमधून विकला गेला पाहिजे. सगळे फ्री झोन डेझिग्नेटेड नसतात! जाफझा आहे, पण जाहिरातीतले ते स्वस्त, एका टेबलावर चालणारे झोन आहेत का हे एकेक करून तपासावं लागतं. आणि दुसरी अट, माल अशा गिऱ्हाइकाला गेला पाहिजे जो तो पुढे विकणार आहे किंवा त्यावर काम करून, त्यात बदल करून मग विकणार आहे. आलं लक्षात? रोबो इंटिग्रेटरला विकला, त्याने सेल बनवून कारखान्याला विकला, तर तुम्ही होलसेलर, शून्य टक्क्याच्या रांगेत उभे राहू शकता. तोच रोबो सरळ कारखान्याला विकला, त्याने मशीन म्हणून वापरला, तर ते उत्पन्न त्या प्रकारात बसायला कठीण. अशा न बसणाऱ्या उत्पन्नाला मर्यादा आहे, एकूण उलाढालीच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, दोन्हीपैकी जे कमी ते. ओलांडली तर सवलत त्या वर्षाची जाते आणि पुढच्या चार वर्षांचीही. एक मोठी ऑर्डर कारखान्याकडून आली म्हणून पेढे वाटायचे आणि पाच वर्षांची सवलत घालवून बसायचं.

भाचा म्हणाला, "मामा, पण ९ टक्के तरी काय वाईट आहे?" बरोबर आहे त्याचं, ९ टक्के वाईट नाहीच. मग फ्री झोनला जायचं कारण टॅक्स नसून दुसरं काही असलं पाहिजे, आणि ते दुसरं म्हणजे तुमचा माल पुढे कुठे जाणार आहे. मी त्याला विचारलं, तुझी गिऱ्हाइकं कुठली? तर म्हणे चाकण, औरंगाबाद, राजकोट. मग बाबा, तू जपानचा नाहीतर चीनचा रोबो आधी दुबईला नेणार, तिथे उतरवणार, पुन्हा चढवणार आणि न्हावा शेव्याला आणणार? नकाशा उघडून बघ. विरारवरून दादरला जायला कोणी आधी डहाणूला जात नाही.

"पण भारत-यूएईचा करार आहे ना, ड्युटी कमी लागते." इथे सगळे फसतात म्हणून इथे थोडं थांबतो.

करार आहे, सेपा, १ मे २०२२ पासून लागू. पण सवलत यूएईत बनलेल्या मालाला आहे, यूएईतून आलेल्या मालाला नाही. तिथे खरंच बनला असेल किंवा नियमात सांगितलेली पुरेशी भर तिथे पडली असेल तरच तो माल तिथला. जपानी रोबोचा खोका दुबईत उघडून नवं लेबल चिकटवलं तर तो जपानीच राहतो. गंमत म्हणजे जपानशी आपला स्वतःचा करार २०११ पासून आहे, कोरियाशी २०१० पासून, तिथून सरळ माल आणला आणि ओरिजिनचं, म्हणजे माल कुठे बनला त्याचं सर्टिफिकेट बरोबर असलं तर त्या कराराखाली बेसिक ड्युटीत सवलत मागता येते. पण त्या करारात माल सरळ यावा अशी अट असते, वाटेत जहाज बदललं तर ठीक, पण दुबईच्या गोडाऊनमध्ये सहा महिने ठेवून, नवं इनव्हॉइस फाडून मग आणला तर कस्टम्सचा ऑफिसर विचारणारच, आणि २०२० च्या सप्टेंबरपासून कॅरोटार नावाचे नियम आलेत, ओरिजिनची माहिती आयातदाराने स्वतःकडे ठेवायची आणि मागितली की द्यायची, नुसतं सर्टिफिकेट फडकवून चालत नाही. म्हणजे दुबईची सवलत मिळाली नाही आणि जपानची होती तीही गेली. तेलही गेलं तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं.

ड्युटीचा हिशोब पण एकदा मांडूच, कारण लोक २७ टक्के ऐकून घाबरतात. जनरल इंडस्ट्रियल रोबो कस्टम्सच्या ८४७९५० ह्या कोडखाली येतो. समजा सगळं धरून बंदरापर्यंत किंमत १५ लाख. बेसिक ड्युटी साडेसात टक्के, १ लाख १२ हजार ५००. त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ११,२५०. आता झाले १६ लाख २३ हजार ७५०, ह्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, २ लाख ९२ हजार २७५. एकूण भरले ४ लाख १६ हजार २५, तेच ते २७ टक्के. पण आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पुढे विकताना वजा होतं, त्यामुळे खरा अंगावर पडलेला खर्च १ लाख २३ हजार ७५०, म्हंजे सव्वाआठ टक्के. बाकीचे पावणेतीन-तीन लाख हे अडकलेले पैसे आहेत, गेलेले नाहीत. होलसेलरला मारतो तो हाच अडकलेला पैसा, दहा रोबो आणून ठेवले तर तीस लाख नुसते सरकारकडे पडून.

(कोडवरून एक आठवलं. २०२२ पासून उचल-ठेव करणाऱ्या रोबोंना ८४२८७० हा वेगळा कोड आलाय, वेल्डिंगवाला ८५१५ मध्ये जाऊ शकतो. एकच हात, टोकाला काय लावलंय आणि कॅटलॉगमध्ये काय लिहिलंय त्यावरून कोड बदलतो. माल निघायच्या आधी ठरवा. बंदरात आल्यावर वाद घातला तर डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याच्या दंडाचं मीटर टॅक्सीपेक्षा फास्ट पळतं.)

आणि ह्या अडकलेल्या पैशासाठीच फ्री झोनचा उपयोग होतो, फक्त त्यासाठी दुबईला जायची गरज नाही. पनवेलजवळ साई गावात फ्री ट्रेड वेअरहाउसिंग झोन आहे, आमच्या न्हावा शेव्यापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. २००५ च्या एसईझेड कायद्याखाली चालतो. दहा रोबो आणून तिथे ठेवा, ड्युटी शून्य. तळोज्याच्या इंटिग्रेटरने एक मागितला की एकाचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद भरा, एकाची ड्युटी भरा, टेम्पो बोलवा, दुपारी माल त्याच्याकडे. उरलेले नऊ तसेच. केनियाचं गिऱ्हाईक आलं तर तिथूनच परत जहाजावर, भारताची ड्युटी लागतच नाही. त्या झोनमध्ये असतानाच माल एकाने दुसऱ्याला विकला तर त्यावर जीएसटी आहे की नाही ह्यावर बरीच वर्षं डोकेफोड चालली होती, २०२५ च्या फायनान्स अ‍ॅक्टने ती मिटवली, बाहेर काढायच्या आधीची विक्री ही सप्लायच नाही असं जुलै २०१७ पासून धरलं. भाड्याचा दर भिवंडीच्या गोडाऊनपेक्षा जास्त असतो, ते मात्र मान्य करावं लागेल.

मग दुबई कधी? जेव्हा गिऱ्हाइकं सौदी, ओमान, इजिप्त, पूर्व आफ्रिका अशी विखुरलेली असतील आणि प्रत्येकाला एक-एक दोन-दोन रोबो लागत असतील तेव्हा. जेबेल अलीतून जहाजं सगळीकडे जातात, आणि सौदीचा खरेदी मॅनेजर दुबईला येऊन रोबो हलताना बघून जातो, तो पनवेलला येणार नाही. खुद्द यूएईच्या मेनलँडला, म्हणजे झोनबाहेरच्या बाजारात विकायचा असेल तर झोनच्या गेटवर ५ टक्के कस्टम्स आणि ५ टक्के व्हॅट, मुलुंड नाका तिथेही आहेच.

आता तो दोन दिवसांतल्या लायसन्सचा प्रकार. लायसन्स मिळतं हो, लवकर मिळतं. पण लायसन्सवर कुठला व्यवसाय लिहिलाय ते बघा, नुसतं जनरल कन्सल्टन्सी असेल तर माल आणता येणार नाही. माल आणायला कस्टम्सचा वेगळा कोड लागतो. फ्लेक्सी डेस्क नावाचं जे स्वस्त पॅकेज असतं त्यात तुम्हाला टेबल मिळतं, आणि टेबलावर पाचशे किलोचा रोबो मावत नाही. सगळ्यात वेळ जातो बँक खात्यात. बँक विचारते माल कोणाकडून घेणार, कोणाला विकणार, करार दाखवा, पैसे कुठून आले दाखवा, आणि नव्या कंपनीकडे ह्यातलं काहीच नसतं. लायसन्स भिंतीवर फ्रेम करून लावलंय आणि खातं नाही म्हणून एक रुपयाचा धंदा नाही, असे दोन जण माझ्या ओळखीत आहेत.

आणि भारतातून पैसे न्यायचे तर आपल्या रिझर्व्ह बँकेचे नियम आहेतच. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत नेता येतात, १० लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापते, जो रिटर्नमध्ये वळता होतो पण तोवर पुन्हा पैसे अडकले. परदेशी कंपनीत भांडवल घालणं हे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंटमध्ये येतं, २०२२ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आलेत, बँकेमार्फत फॉर्म भरून नंबर घ्यायचा मग पैसे पाठवायचे, आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचा रिपोर्ट द्यायचा. एजंट म्हणतो कार्ड स्वाइप करा, बाकी आम्ही बघतो. तो काय बघणार, नोटीस तुमच्या नावाने येणार. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशातली मालमत्ता दाखवायची असते, लपवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाखांचा दंड बसू शकतो.

ह्याहून बारीक गोष्ट, घरबसल्यावाली. कंपनी दुबईची, पण सगळे निर्णय डोंबिवलीतल्या सोफ्यावर बसून घेतले जातायत, तर आपलं इन्कम टॅक्स खातं म्हणू शकतं की ही कंपनी खरं तर इथून चालते, इथली धरा. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्यात उंट दुबईचा. सीबीडीटीच्या, म्हणजे इन्कम टॅक्सच्या केंद्रीय मंडळाच्या २०१७ च्या परिपत्रकात वर्षाला ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना हा नियम लावणार नाही असं म्हटलंय, त्यामुळे छोट्याला जरा दिलासा, पण इथे बसून ऑर्डरी घेणं, सह्या करणं ह्यावर दुसऱ्या बाजूने प्रश्न येऊ शकतात. ह्यासाठी सीए लागतो, आणि तो दोन्ही देशांचं कळणारा लागतो, मामा पुरत नाही.

मालाकडे वळतो, ते माझं आवडीचं. काही वर्षांपूर्वी एका पार्टीचे रोबो आमच्याकडून क्लिअर झाले होते. गिऱ्हाईक फिरलं, रोबो भिवंडीला गोडाऊनमध्ये दीड वर्ष पडून, छान प्लास्टिक गुंडाळलेले, धूळसुद्धा नाही. नवं गिऱ्हाईक मिळालं, पॉवर दिली, आणि रोबोला स्वतःचा हात कुठे आहे तेच माहीत नाही. का, तर प्रत्येक सांध्यातल्या एन्कोडरला आपली जागा लक्षात ठेवायला छोट्या बॅटऱ्या असतात, बंद असताना त्यांच्यावरच सगळं चालतं, त्या मेल्या की झिरो पोझिशन गेली. मग प्रत्येक अक्ष खुणेवर आणून पुन्हा मास्टरिंग करावं लागतं, त्याला शिकलेला माणूस लागतो. पार्टी नव्या मालाचे पैसे मागत होती आणि गिऱ्हाईक म्हणत होतं हा जुना माल आहे, भांडण माझ्यासमोर. मला तेव्हा ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, भाच्याने नंतर समजावलं. होलसेलरने गोडाऊनमध्ये बॅटरी बदलायचं कॅलेंडर ठेवलं पाहिजे, किराणावाला जसा एक्स्पायरी बघतो तसं.

लाकडी पेटीवर उष्णता दिल्याचा तो गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का बघा, नसेल तर बंदरात प्लांट क्वारंटाइनचं लफडं. पेटी आडवी झाली की लाल होणारं स्टिकर पेटीवर असतं, ते माल ताब्यात घेतानाच फोटो काढून ठेवा, नंतर इन्शुरन्सवाला तेच विचारतो. जपानी कंट्रोलर बऱ्याचदा २०० व्होल्टचे, आपल्याकडे थ्री फेज ४१५, मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, त्याची किंमत कोटेशनमध्ये धरायला लोक विसरतात. सौदीला तर फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ आहे, यूएईला ५०. म्हणजे एकाच गोडाऊनमधून दोन शेजारी देशांना माल देताना पण डोळे उघडे ठेवायचे.

वॉरंटीचं पण तसंच. बनवणाऱ्या कंपन्या इलाका वाटून देतात, दुबईच्या डिस्ट्रिब्युटरने चाकणला विकला तर चाकणचा अधिकृत माणूस हात वर करू शकतो. ग्रे मार्केटचा मोबाइल मनीष मार्केटमधून घेतल्यावर जे होतं तेच, फक्त इथे लाइन बंद पडते आणि तासाला नुकसान.

आणि एक धोका असा की तो हिशोबात दिसतच नाही. दारूगोळ्याच्या स्फोटक वातावरणात किंवा किरणोत्सर्गात चालणारे काही खास रोबो दुहेरी वापराच्या, म्हणजे कारखान्यात आणि लष्करातही चालणाऱ्या मालाच्या यादीत येतात, त्यांना निर्यातीचं परमिट लागतं. साधा रोबोसुद्धा बंदी असलेल्या देशात पोचला तर बनवणारी कंपनी पहिलं डिस्ट्रिब्युटरशिप काढून घेते, म्हणून ते माल नेमका कोण वापरणार ह्याचं पत्र मागतात. दुबईत दाराशी येऊन रोख देऊन, कुठे जाणार न सांगता दहा नग मागणारा माणूस भेटतोच. १९८७ मध्ये तोशिबाच्या एका उपकंपनीने सोव्हिएत युनियनला पाणबुडीचे पंखे कापणारी मशीन विकल्याचं उघड झालं, तेव्हा अमेरिकेत खासदारांनी संसदेच्या आवारात तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला होता. मशीनचा शेवटचा मुक्काम कुठला ते माहीत नसणं महागात पडतं.

भांडवलाचं काय, तर हे ऐकून भाचा जरा गप्प झाला. बनवणारा नव्या माणसाकडून आगाऊ पैसे किंवा लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे बँकेची पैशाची हमी मागतो, इंटिग्रेटर साठ-नव्वद दिवसांची उधारी मागतो आणि स्वतः कारखान्याकडून पैसे आल्याशिवाय देत नाही, मधले चार महिने तुमच्या खिशातून. त्यात डेमोसाठी एक रोबो, थोडे स्पेअर, एक सर्व्हिसचा माणूस. दहा नगांचं स्वप्न तीन नगांवर येतं. माल भारतात न आणता जपानकडून घेऊन आफ्रिकेला विकायचा असेल तर इथल्याच कंपनीतून मर्चंटिंग ट्रेड करता येतो, नऊ महिन्यांत व्यवहार पूर्ण करायचा वगैरे रिझर्व्ह बँकेच्या अटी पाळून, त्यासाठी दुबईत कंपनी असायलाच पाहिजे असं नाही, हेही त्याला तेव्हाच कळलं.

दसऱ्याला त्याचा फोन आला. नोकरी सोडली नाहीये, पण तुर्भ्याला मित्राच्या गाळ्यात अर्धी जागा घेतलीय आणि शनिवार-रविवार छोट्या इंटिग्रेटरांना ग्रिपर, केबल आणि स्पेअर पुरवायला सुरुवात केलीय, म्हणतोय की कोण काय वापरतं ते आधी कळू दे, एखाद्या चिनी कंपनीशी महाराष्ट्रापुरतं बोलणं चालू आहे, दुबई नंतर. पहिला इम्पोर्ट काय केला विचारलं तर म्हणाला, एन्कोडरच्या बॅटऱ्या, विमानाने मागवल्यात. मी कपाळाला हात लावला. लिथियम बॅटरी म्हणजे डेंजरस गुड्स, त्याचं डिक्लेरेशन केलंयस का? पलीकडून शांतता, मग हळूच, "मामा, उद्या ऑफिसला आहेस ना?"